मदत हवी आहे: नव्या जागेत लॅब सुरू करण्याआधी

नमस्कार मंडळी. आमची रसायनशास्त्राची छोटी संशोधन लॅब गेल्या आठवड्यात टिळकवाडीतून उद्यमबागेत हलवली. नायट्रिक ॲसिड आणि ॲसिटोनच्या बाटल्या (एकत्र सांडल्या तर पेट घेऊ शकतात) एकाच खोक्यात आलेल्या बघून पोटात गोळाच आला; लगेच वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या. नायट्रोजनचं सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलंय. अडलंय ते फ्यूम हूडवर, म्हणजे रसायनांच्या वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटावर. हूडच्या तोंडाशी आत जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला साधारण ०.५ मीटर हवा, पण टिश्यूची पट्टी धरली तर जेमतेम हलते. बेळगावात किंवा कोल्हापूरकडे वेग मोजून, डक्ट (वाफा बाहेर नेणारा पाइप) तपासून देणारं कुणी माहितीतलं आहे का? शिवाय इथे नळाला रोज पाणी नाही. डोळे धुवायला सलग १५ मिनिटं धार राहील अशी टाकी कुणी बसवलीय का? तोवर मुलांना एकही बाटली उघडू देणार नाही.