घरासाठी 5 वॅट भरपूर

तुम्ही विचारलंय की घरी सरावाला आणि अधूनमधून छोट्या कार्यक्रमाला गिटारसाठी 15 वॅटचा ट्यूब अँप (काचेच्या निर्वात नळ्यांवर, म्हणजे ट्यूबवर चालणारा अॅम्प्लिफायर) घ्यावा की 5 चा. मी सांगलीत गावभागात राहतो, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. डोळे झाकून 5 चा घ्या. 15 वरून 5 वर आलं तरी आवाज जेमतेम 5 डेसिबल उतरतो, खिडकीची तावदानं तेवढ्यातही थरथरतात. ट्यूबची खरी गोडी आउटपुट ट्यूब, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारी शेवटची ट्यूब, आवाज वाढवून ताणली की येते, आणि 15 वॅट घरात तिथवर नेताच येत नाही.

बुगेरा व्ही5 हा अँप बघा. सुरुवातीची एक 12एएक्स7 ट्यूब, आउटपुटला एक ईएल84 ट्यूब, आणि 5, 1, 0.1 वॅट निवडायचा स्विच. मी 1 वर ठेवून गिटारचा व्हॉल्यूम 7 वर आणतो. हलकं वाजवलं की स्वर स्वच्छ, पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) जोरात मारलं की खरखरीत धार. मिरजेच्या तंबोऱ्याला जवारी (घोडीवरून तारेला मिळणारी झंकार) नीट लागल्यावर सूर जसा फुलतो ना, अगदी तसं वाटतं मला. कार्यक्रमात ड्रम असतील तर मात्र स्पीकरपुढे माइक लावावाच लागेल.

परदेशातला जुना अँप घेणार असाल तर मागचं व्होल्टेज आधी वाचा. माझ्या मित्राने 120 व्होल्टचा अँप थेट आपल्याकडच्या 230 वर लावला, फ्यूज तर गेलाच, ट्रान्सफॉर्मरही जळाला. स्पीकर जोडल्याशिवाय कधीच चालू करू नका. आणि स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.