शहीद सैनिकाच्या कुटुंबाला राष्ट्रीय मानचिन्ह हवं का? कोणाला, आणि कोणत्या मरणासाठी?

औदुंबर:
पदक सैनिकाच्या शौर्याचं असतं. मागे राहिलेल्यांचा मान वेगळा, आणि तो देशाने स्वतः द्यावा असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकेत पहिल्या महायुद्धात सैन्यात असलेल्या प्रत्येकामागे घरच्या ध्वजावर एक निळा तारा असे. तो सैनिक कामी आला की त्या जागी सोनेरी. त्यावरून ‘गोल्ड स्टार’ कुटुंब हे नाव पडलं. १९३६ पासून सप्टेंबरचा शेवटचा रविवार या मातांचा मानला जातो. मृत सैनिकाच्या घरच्यांना दिलं जाणारं कॅनडाचं क्रुसाच्या आकाराचं चिन्ह, मेमोरियल क्रॉस, १९१९ चं. ब्रिटनने तसाच एलिझाबेथ क्रॉस २००९ मध्ये सुरू केला, पण १९४८ पासूनच्या मृतांच्या घरच्यांनाही दिला. उशिरा का होईना, दिला!

निषाद:
मला हे पटत नाही. चिन्ह द्यायला सरकारचं काही जात नाही. निवृत्तिवेतनाची फाईल वेळेवर हलवायला मात्र माणसं लागतात, पैसा लागतो. शिवाय शोकाकुल आईला व्यासपीठावर बसवलं की युद्धाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं. अमेरिकेनेच १९३० ते १९३३ या काळात माता आणि विधवांना सरकारी खर्चाने युरोपातल्या कबरींपर्यंत नेलं. कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या जहाजांतून! मुलं एकाच देशासाठी मेली होती.

औदुंबर:
निषादजी, तो अन्याय होताच, आणि कित्येक मातांनी तेव्हा जायला नकार दिला. पण त्यांचा राग वेगळ्या वागणुकीवर होता. सन्मानच नको, असं त्या म्हणत नव्हत्या. सरकारने शोक वापरू नये, हे मान्य. कॅनडात ११ नोव्हेंबरला, युद्धातल्या मृतांच्या स्मृतिदिनी, सगळ्या मातांच्या वतीने एक आई पुष्पचक्र वाहते. तिची निवड माजी सैनिकांची संघटना करते, सरकार नाही. आणि निवृत्तिवेतन अवलंबून असणाऱ्यांसाठी असतं. कमावत्या बहिणीचा भाऊ गेला तर तिच्या वाट्याला काय? अमेरिकेत घरच्यांना छातीवर लावायला दिलं जाणारं ताऱ्याचं चिन्ह भावंडांनाही मिळतं.

सावनी:
तुम्ही दोघंही मुख्य मुद्द्याच्या बाजूने निघून गेलात. अमेरिकेत चिन्हं दोन आहेत. लढाईत मरण आलं तर जांभळ्या पार्श्वभूमीवरचा सोनेरी तारा. सरावात, अपघातात, आजाराने गेला तर ओकच्या पानांमधला तारा, वेगळा. सरावात हेलिकॉप्टर कोसळून गेलेल्या मुलाच्या आईने आयुष्यभर छातीवर हा फरक मिरवायचा? पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने घरोघरी कांस्याची स्मृतिचकती पाठवली, तिच्यावर फक्त नाव होतं. हुद्दा नाही. सेनापती आणि शिपाई सारखेच. मला तसं हवं.

हणमंत:
सावनीताई, हुद्दा पुसा, हरकत नाही. पण शत्रूच्या गोळीपुढे उभं राहणं आणि छावणीतला अपघात यात फरक आहे, आणि तो सैनिकच सर्वात आधी मानतात. तुम्ही पुसायला निघालात तरी ते मानणार नाहीत.

सावनी:
सैनिकांनी मानावा, त्यांचा हक्क आहे. त्यासाठी शौर्यपदकं आहेतच. घरच्यांच्या मानात तो का आणायचा?

निषाद:
एका गोष्टीवर मात्र मी औदुंबर यांच्या बाजूने येतो. पत्नी की आईवडील, या वादात घरं फुटतात. कॅनडात आधी आई आणि विधवा एवढ्याच पात्र होत्या. २००७ पासून सैनिक जिवंतपणीच तीन जणांपर्यंत नावं लिहून ठेवू शकतो. असं असेल तर माझा विरोध बराच कमी होईल. पण आधी फाईल हलली पाहिजे, चिन्ह नंतर.