आजाराची ओळख कोण ठरवणार?

एकांनी लिहिलंय, स्वतःच्या आजारावर फिल्म करायला रुग्णांच्या हाती कॅमेरा देणं म्हणजे चार घटका करमणूक, त्यानं आजारात काय फरक पडणार? मला हे अजिबात पटत नाही.

दुखणं लांबलं की माणसाचं नावच मागे पडतं. 'ती फिट येणारी मुलगी', 'तो डायलिसिसवाला'. त्याच मुलीनं दोन-तीन मिनिटांची फिल्म स्वतः केली, तर काय दाखवायचं हे ती ठरवते. फिट दाखवायची, की त्यानंतर उशीवर निपचित पडलेला हात? की यातलं काहीच नाही, फक्त सायकल? मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते फिल्मसाठी स्वतःच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. पहिल्या खेपेला माणूस डॉक्टरांचेच शब्द बोलतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कागद बाजूला राहतो आणि 'मला रात्री झोपायची भीती वाटायची' हे वाक्य बाहेर पडतं. तपासणीच्या पाच मिनिटांत ते कधीच आलेलं नसतं.

ही कल्पना नवी नाही. १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस या अभ्यासकांनी चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांना कॅमेरे दिले. आपलं आरोग्य नि कष्ट त्यांनी स्वतःच टिपले, फोटोंवर एकत्र बसून बोलल्या आणि ते अधिकाऱ्यांपुढे मांडले. पुढे ही पद्धत 'फोटोव्हॉइस' म्हणून जगभर पसरली.

एक मात्र कळकळीनं सांगते. संमती एकदाच सही घेऊन संपत नाही. फिल्म तयार झाल्यावरही 'ही कुणाला दाखवू नका' म्हणायची मुभा त्या माणसाला हवीच, विशेषतः वय सोळा-सतरा असेल तर.