आषाढीचा रविवार, बास्केटबॉलची फायनल आणि लेकाचा प्रश्न

प्रेषक: मराठी शाळेच्या ताई, मोर्ज
दिनांक: 7 जुलै 2025

नमस्कार मंडळी,

काल भजनाला आम्ही तिघं आलो नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. आषाढी एकादशी आणि 19 वर्षांखालच्या मुलांच्या बास्केटबॉल विश्वचषकाची फायनल एकाच रविवारी आली. इथे स्वित्झर्लंडमध्ये, घरापासून इतक्या जवळ जगातले 16 देश खेळतायत म्हटल्यावर लेकाला नाही म्हणवेना. उपास मोडला नाही. साबुदाण्याची खिचडी डब्यात नेली होती, ती लोझानजवळच्या प्रिली-माले स्टेशनच्या फलाटावर उभ्या उभ्याच संपवली आणि वोद्वाझ अरेनात शिरलो. एरवी आपण तिथे आइस हॉकीला जातो. बर्फाच्या जागी लाकडी कोर्ट बघून पहिली दोन मिनिटं ओळखच पटेना.

अमेरिकेने जर्मनीला 109-76 असं हरवलं. पण जर्मनीची मुलं कच्ची नव्हती बरं का. फायनलपर्यंत ती एकही सामना हरली नव्हती, आणि गेल्या वर्षी 18 वर्षांखालची युरोपातली स्पर्धा त्यांनीच जिंकली होती. अमेरिकेचे पाच दमून बसले की तितकेच तगडे दुसरे पाच उतरायचे, त्याला उत्तर कुठून आणणार? एजे डिबान्सा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मला मात्र न्यूझीलंडचं फार कौतुक वाटलं. जेमतेम पन्नास लाखांच्या देशाची पोरं पहिल्या चारांत आली!

लेकाची नजर सारखी फरशी पुसणाऱ्या मुलांवर. कोणी खेळाडू पडला की लेकाच्याच वयाची दोन मुलं रुंद पोछा घेऊन धावायची, घामाचा ओघळ टिपायची आणि बॉल परत यायच्या आत कडेला गुडघ्यावर बसायची. त्यातला एक त्याच्या क्लबातला निघाला.

परतीच्या गाडीत त्याने विचारलं, "आई, जर्मनीचा क्रिस्टियन अँडरसन अटलांटाचा आहे ना? तरी तो जर्मनीकडून खेळतो. मग मी भारताकडून खेळू शकतो?" तो 14 वर्षांचा आहे. स्विस पासपोर्ट अकराव्या वर्षी मिळाला, आता भारताचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे. मला नीट उत्तर देता आलं नाही. कुणाला नक्की ठाऊक असेल तर कृपया लिहा.

– ताई


प्रेषक: काका, न्यों
दिनांक: 7 जुलै 2025

ताई, नमस्कार.

भजनाचं मनावर घेऊ नका, पांडुरंग समजून घेईल. प्रश्नाचं उत्तर कडू आहे, पण आजच सांगा. भारताकडून खेळायला भारताचाच पासपोर्ट लागतो. 2008 पासून क्रीडा मंत्रालयाचं हेच धोरण आहे आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे लेकाला भारताकडून खेळायचं तर स्विस पासपोर्ट सोडावा लागेल. हे कुणी केलंच नाही असं नाही. आमच्या पुण्यात पुणे एफसीकडून फुटबॉल खेळलेला अराता इझुमी आठवतो? वडील भारतीय, आई जपानी. त्याने जपानी पासपोर्ट सोडला आणि 2013 मध्ये भारताच्या जर्सीत उतरला. पण तो तिशीतला जाणता माणूस होता. 14 वर्षांच्या पोराच्या खांद्यावर हे ओझं आत्ता टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरी बाजू. फिबाच्या, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात 16 वर्षं हा उंबरठा आहे. त्या वयाच्या आत ज्या देशाचा पासपोर्ट मिळाला, त्या देशाचा तो सरळ खेळाडू. नंतर मिळाला तर तो बाहेरून आलेल्यांत धरला जातो, आणि तसा एका संघात एकच चालतो. तुमचा लेक अकराव्या वर्षीच हा उंबरठा ओलांडून आत आलाय. स्वित्झर्लंडचं दार त्याला सताड उघडं आहे, यजमान म्हणून याच स्पर्धेत स्विस संघ खेळला ना! टोरांटोत जन्मलेला, पंजाबी घरातला सिम भुल्लर आधी कॅनडाच्या युवा संघाकडून खेळला आणि 2015 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज संघाकडून एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, उतरला. भारतीय वंशाचा तिथवर पोचलेला तो पहिला. त्याला आपण आपलाच म्हणतो ना?

मी रोज जिनिव्हाला जाताना गाडी मीसवरून जाते. फिबाचं मुख्यालय तिथेच आहे. लेकाला एकदा घेऊन या, बाहेरून तरी बघू. मग आमच्याकडे जेवायला.

– काका


प्रेषक: विद्यार्थिनी, फ्रिबुर्ग
दिनांक: 8 जुलै 2025

ताई, काका,

मी सहसा इथे लिहीत नाही, पण काकांचं 16 वर्षांचं वाचून रात्री झोप लागली नाही.

मी कँटनच्या (इथल्या राज्याच्या) बास्केटबॉल निवड संघात होते. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी. आईबाबा म्हणायचे, भारतीय पासपोर्ट सोडायचा म्हणजे घर सोडल्यासारखं वाटतं, पुढच्या वर्षी बघू. असं करत करत पासपोर्ट हातात आला तेव्हा मी 17 ची होते. संघातल्या मैत्रिणींना राष्ट्रीय शिबिराची पत्रं आली, मला नाही. प्रशिक्षकांनी घरी येऊन समजावलं की बाहेरून आलेल्या खेळाडूची एकच जागा असते, आणि ती शक्यतो उंच मुलीला देतात. माझी उंची 1.64 मीटर.

आईबाबांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इथे 8 ते 18 या वयातलं प्रत्येक वर्ष नागरिकत्वासाठी दुप्पट धरतात, हेसुद्धा आम्हाला फार उशिरा कळलं. ज्यांची मुलं दहा-बारा वर्षांची आहेत आणि मनापासून खेळतात, त्यांनी आत्ताच बसून ठरवा. पासपोर्ट बदला असं मी म्हणत नाही. फक्त न ठरवता वर्षं जाऊ देऊ नका.

ताई, तुमच्या लेकाला डाव्या हाताचं ड्रिबलिंग शिकायचं असेल तर मी शनिवारी मोर्जला येऊ शकते.

– तुमची जुनी विद्यार्थिनी


प्रेषक: मराठी शाळेच्या ताई, मोर्ज
दिनांक: 8 जुलै 2025

बाळा, तू आमच्या वर्गात होतीस आणि एवढं सगळं झालं, मला पत्ताच नाही. आठवड्यातून दोन तास तुम्हाला शुद्धलेखन शिकवलं, पण हे कधी विचारलं नाही.

लेकाला तिन्ही पत्रं वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "भारताची मॅच असली की मी भारताचा शर्ट घालून बसेन, ते तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. मग तुझ्या शनिवारचं विचारलं आणि बूट पुसायला घेतले.

मंडळी, शनिवारी सकाळी 10 वाजता शाळेच्या मागच्या कोर्टवर या. ज्यांची मुलं खेळतात त्यांनी मुलांना आणा, आणि ज्यांना कागदपत्रांचं विचारायचंय त्यांनी काकांना गाठा. पारण्याच्या पुरणपोळ्या उरल्यात, त्या मी घेऊन येते.

– ताई