जपानी आर्किटेक्चरमधलं ‘जपानीपण’ नक्की कशात असतं? (सेमिनार अडकलाय)

सोप्यावरचा:
बी.आर्कच्या चौथ्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. सेमिनारचा विषय जपानी आर्किटेक्चर आणि राष्ट्रीय ओळख. लाकूड, कागदी सरकते दरवाजे, तातामी चटया, झेन असं सगळं घालून पंधरा पानं केली, वर एंगावा (जपानी घराची ओसरी) म्हणजे आपला सोपाच की असंपण टाकलं. मॅडमनी दुसऱ्या पानावरच पेन ठेवला, म्हणाल्या हे टुरिझमचं ब्रोशर झालं, ओळख कुणाला पाहिजे होती आणि कधी ते लिही. सोमवारी सबमिशन आहे, कुठनं सुरू करू सांगा की राव.

कडीपाट:
मॅडमचं बरोबर आहे भावा. एकच जागा धर, टोकियोच्या उएनो पार्कातलं म्युझियम. जोसाया काँडर नावाचा इंग्रज, सरकारनंच १८७७ ला शिकवायला आणलेला, त्यानं १८८१ ला तिथं विटांची बिल्डिंग केली आणि पूर्वेकडची वाटावी म्हणून सारासेनिक, म्हणजे इस्लामी धाटणीचं वळण दिलं. जपानात! इकडं आपला न्यू पॅलेस १८८४ चा, मेजर मँटचं डिझाइन, इंडो-सारासेनिक. म्हणजे साहेबाच्या डोक्यातली ‘पूर्व’ कोल्हापूर ते टोकियो एकच.
१९२३ च्या भूकंपात ती बिल्डिंग गेली. मग नव्या म्युझियमची स्पर्धा लागली, अट अशी की जपानी वळणावरची पौर्वात्य स्टाइलच पाहिजे. माएकावा कुनिओ या जपानी आर्किटेक्टनं अट धाब्यावर बसवून मॉडर्न डिझाइन दिलं आणि हरला. १९३७ ला उभी राहिली ती अंगानं काँक्रीट आणि डोक्यावर कौलारू छप्पर, म्हणजे सूटबुटावर फेटा. गंमत म्हणजे त्याच उएनोत १९६१ ला माएकावाचा काँक्रीटचा बुन्का काइकान हॉल झाला, आता त्याला कोण अजपानी म्हणत नाही.

आळीतला_सुतार:
आर्किटेक्ट तांगे केन्झो पण घे. १९४२ ला फुजीच्या पायथ्याशी युद्धस्मारकाची स्पर्धा जिंकली, छप्पर इसेच्या शिंतो देवळाच्या धर्तीचं (बांधलं नाही ते). युद्ध हरल्यावर तसलं छप्पर कोण मागणार? मग १९५८ ला कागावा प्रांताच्या सरकारी ऑफिसला छप्पर सपाट, पण बाल्कन्यांखाली काँक्रीटच्या बारीक तुळया ओळीनं बाहेर काढल्या, वाड्याच्या कडीपाटाच्या कड्या भिंतीबाहेर आल्यागत. माणूस तोच, मागणारा बदलला.
आणि इसे जुनं म्हणून लिहू नको. दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत नवं बांधतात, २०१३ ला ६२ वी खेप झाली. तिथं लाकूड नवं, हात जुना. आमच्या वाड्याची एक तुळई बदलायची तर माणूस शोधायला दोन महिने गेले, त्यापण सांध्याला शेवटी लोखंडी पट्टीच मारली त्यानं.

सोप्यावरचा:
नाद खुळा दोघांचा! उएनोपासनंच सुरू करतो. एंगावाचं वाक्य काढू का?

कडीपाट:
ठेव, पण ‘सोपाच की’ खोड. एंगावा बहुतेक बागेकडं तोंड करून असतोय, आपला सोपा येणाऱ्या-जाणाऱ्याकडं.