शब्दचर्चा: आवर्तसारणीतलं 'आवर्त' आडवं का?

खडीसाखर: दहावीच्या विज्ञानात आवर्तसारणीच्या, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्याच्या, आडव्या ओळीला 'आवर्त' आणि उभ्या स्तंभाला 'गण' म्हणतात. मला हे उलटं वाटतं. आवर्त म्हणजे फिरून येणं ना? मग लिथिअम, त्याखाली सोडिअम, त्याखाली पोटॅशिअम, तिघेही मऊ, तिघेही पाण्याशी भांडणारे. हे फिरून येणं तर उभंच दिसतं!

तिहाई: दिसतं उभं, पण फेरी पुरी होते आडवी. तबल्यात सम (तालाची पहिली मात्रा) परत येते, पण 'आवर्तन' म्हणतात ते एका समेपासून पुढच्या समेच्या आधीपर्यंतच्या सगळ्या मात्रांना. अणुअंक ३ (लिथिअम) ते १० (निऑन) हे एक आवर्त. ११ला सोडिअम, पुन्हा सम.

चाळणी: तीनतालात दर फेरीला सोळाच मात्रा. इथे एकेका आवर्तात मूलद्रव्यं २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. आवर्ती दशांशात आकडे ठरावीक अंतरानेच येतात, आवर्ती ठेवीचा हप्ताही दर महिन्याला. मग या शब्दाची ओढाताण नाही का होत?

पाटपाणी: आमच्याकडे कालव्याला आवर्तन सुटतं. रब्बीचं आणि उन्हाळी आवर्तन सारख्या दिवसांचं नसतं, धरणात पाणी असेल तसं. तरी कोणी वेगळा शब्द शोधत नाही. फेरी समान हवी ही अट शब्दाची नाही, तुमची आहे.

तिहाई: वा! आणि नेमक्या याच अटीने इंग्रज रसायनशास्त्रज्ञ न्यूलँड्स अडकला. १८६५ मध्ये त्याने अष्टकांचा नियम मांडला: सा-रे-ग-म सारखं दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं (निऑनसारखे राजवायू तेव्हा माहीतच नव्हते, नाहीतर नववं म्हणावं लागलं असतं). कॅल्शिअमपर्यंत गाडी ठीक चालली, पुढे बेसूर. कारण चौथ्या आवर्तात कॅल्शिअमनंतर स्कँडिअम ते जस्त असे १० धातू मध्ये घुसतात, त्यांचे नवे इलेक्ट्रॉन बाहेरच्या नाही तर आतल्या कवचात (अणुकेंद्राभोवतीच्या थरात) जातात. सहाव्या आवर्तात त्याहून आतल्या कवचासाठी आणखी १४. ती रांग तक्त्याखाली वेगळी छापतात ती केवळ कागदाच्या रुंदीपायी. हे शाळेत कोणी धड सांगत नाही.

चाळणी: पटलं. पण 'गण' कशाला? सरळ 'गट' म्हणा की.

खडीसाखर: 'गट' रसायनशास्त्रातच दुसरीकडे अडकलाय, अल्कोहोल वगैरेंचा 'क्रियात्मक गट'. दोन्हीकडे एकच शब्द आला तर पोरं गोंधळतील.

पाटपाणी: निवडणुकीतही जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण वेगवेगळे. अर्थ जवळचा असला तरी अदलाबदल चालत नाही.

तिहाई: गणातल्या मूलद्रव्यांचं नातं बाहेरच्या कवचावरून जुळतं. पहिल्या गणात प्रत्येकाच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने कवचं माहीत नसताना, नुसत्या अणुवस्तुमानांवरून आणि गुणधर्मांवरून, ॲल्युमिनिअमखालचं घर रिकामं ठेवलं आणि तिथल्या भाडेकरूला संस्कृत 'एक' लावून 'एका-ॲल्युमिनिअम' म्हटलं. १८७५ मध्ये गॅलिअम सापडलं ते त्याच घरात.

चाळणी: म्हणजे परिभाषेत संस्कृत घुसवण्याचा दोष निदान या वेळी मराठी संज्ञा ठरवणाऱ्या आपल्या समितीचा नाही.