लिव्हिंग विल: मॅजिस्ट्रेटची अट आता नाही

वर कुणीतरी लिहिलंय की लिव्हिंग विलला (म्हणजे पुढे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मॅजिस्ट्रेटची सही लागते म्हणून कुणी त्या फंदात पडत नाही. २०१८च्या निकालात तसं होतं खरं, पण २४ जानेवारी २०२३ला सुप्रीम कोर्टाने ती अट काढली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढ्यावर भागतं. प्रत्यक्ष उपचार थांबवताना मात्र किमान तीन-तीन डॉक्टरांची दोन बोर्डं लागतात, त्यांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, आणि हॉस्पिटलने मॅजिस्ट्रेटला नुसतं कळवायचं.

अजून एक बदल कुणी सांगितला नाही, त्या वेळी आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची एकापेक्षा जास्त नावं विलमध्ये देता येतात. आमच्या सासऱ्यांनी न्यूजर्सीतल्या मुलासोबत इथल्या पुतणीचंही नाव घातलं, कारण लांबून आलेलं माणूस विमानतळावरून थेट आयसीयूत येऊन 'डॉक्टर, सगळं करा' म्हणतं हे घरोघरी चालतं (आणि त्याचंही चुकत नाही, बिचाऱ्याने आजारपण बघितलेलंच नसतं). व्हेंटिलेटर नको पण मॉर्फिन, ऑक्सिजन, नर्सिंग चालू ठेवा हेही त्यात स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर नातेवाइकांना वाटतं सगळंच बंद करतायत.